मामांचा राजीनामा

बायकोच्या मामांचा राजीनामा मी भर सभेत वाचून दाखवला, एकमताने मंजूर करून घेतला, त्यांच्या खांद्यावर शाल घातली. आणि मामांनी राजीनामा दिलेलाच नव्हता. चूक एवढीच. एका शब्दाची. पण तो शब्द आपल्याला येतो अशी माझी पक्की समजूत होती, म्हणून ती सविस्तर झाली.

ती कशी झाली हे कळायला आधी मामा कळायला हवेत. उभ्या काशीत त्यांच्याइतका समतेचा कैवारी दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका हुकूमशहाही दुसरा नाही. सगळी माणसं सारखी आहेत हे ते अशा आवाजात सांगतात की, आपण त्यांच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली उभे आहोत याबद्दल समोरच्याला शंका उरत नाही. मामांचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून निघालं ते ब्रह्माघाटाच्या मागच्या गल्लीत येऊन थांबलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्ही. वाडवडील पोथ्या वाचायचे. मामा रेल्वेत तिकिटाच्या खिडकीवर बसले. पस्तीस वर्षं त्यांनी जग पाहिलं ते एका अर्धगोल भोकातून, आणि त्या भोकातून माणसाचा फक्त हात आत येतो. चेहरा येत नाही, बूट येत नाहीत, मागं पिशवी धरून उभा असलेला नोकर येत नाही. "हाताला पद नसतं, जावईबापू," ते मला सांगत. "अंगठी असते, मेहंदी असते, माती असते. पण तिकीट घेताना सगळे हात एकसारखे उताणे होतात." एवढ्या भांडवलावर त्यांनी सत्ता, संपत्ती आणि मनुष्यस्वभाव यांचं संपूर्ण शास्त्र उभं केलं होतं. "सत्ता म्हणजे काय? रांगेत उभं न राहण्याची सोय. पैसा म्हणजे काय? आपल्या जागी दुसऱ्याला उभं करण्याची सोय. आणि गरिबी म्हणजे? आपला नंबर येता येता खिडकी बंद होणं. बस, खतम. एवढ्यासाठी लोक मोटीमोटी पुस्तकं लिहितात."

निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, पण रांग मामांबरोबर घरी आली. घरात सकाळचा चहा उठण्याच्या क्रमाने मिळायचा. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं मुक्कामाला गेलो तेव्हा जावयाच्या थाटात साडेआठला उठलो आणि खुर्चीत पाय पसरून पहिल्या कपाची वाट पाहू लागलो. पहिला कप केव्हाच भांडी घासणाऱ्या बाईंना गेला होता, कारण त्या चारला उठतात. दुसरा दूधवाल्याला. माझा आठवा होता आणि त्यावर साय धरली होती. मामींनी तो गरम करायला उचलला, तर मामा म्हणाले, "जैसा आहे वैसा दे. उशिरा येणाऱ्याची गाडी प्लॅटफॉर्मवर थांबून राहत नाही." पानाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं तरी मामा क्षणभर गप्प उभे राहत. पानवाला विचारायचा, "का गुरू, केकर इंतजार बा?" मामा म्हणत, "खिडकी उघडू दे आधी."

काशीच्या गल्ल्यांवर त्यांचा फार जीव. "ज्यांनी या गल्ल्या बांधल्या त्यांनी कायदे व्हायच्या आधी समता आणली. मोटारच शिरत नाही! किती का मोठा असेना, चौकात उतरतो आणि शेण चुकवत चालतो." एकदा बँकेच्या मुख्य कचेरीतले आमचे एक साहेब सहकुटुंब आले होते. त्यांना मी शॉर्टकटने घाटावर नेत होतो. अरुंद बोळात एक सांड आडवा उभा. मी छत्रीने त्याला हुसकावायला गेलो, तेवढ्यात पलीकडून मामांचा आवाज आला, "थांबा! आधी कोण आलं?" मी म्हटलं, "मामा, हे आमचे साहेब आहेत." मामा म्हणाले, "असतील. पण आधी तो आला आहे, आणि त्याने आपण कोण आहोत ते अजून सांगितलेलं नाही. सभ्य आहे." साहेब पंधरा मिनिटं थांबले. त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात 'स्थानिक परिस्थिती हाताळण्यात कमी पडतात' असं वाक्य होतं. ते सांडामुळं की मामांमुळं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

आता माझ्याबद्दल. मला रांग आवडत नाही. मला ओळख आवडते, शिफारस आवडते, 'अहो, हे आपलेच आहेत, आत सोडा' हे वाक्य तर फार आवडतं. बँकेत नोकरीला लागलो तेव्हापासून मी केबिनची वाट पाहत होतो. ती काशीला बदली झाल्यावर मिळाली, आणि मिळाली त्या दिवशी मी दार तीनदा आतून लावून पाहिलं. काशीत तर रिक्षावालाही 'राजा' म्हणून हाक मारतो. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, या गावाने मला बरोबर ओळखलं. मग लक्षात आलं, तो बैलालाही राजा म्हणतो. मामा म्हणाले, "इथं सगळेच राजे. प्रजाच नाही. म्हणून तर नाल्या तुंबल्यात." एका सोमवारी मी आणि मामा दर्शनाला गेलो. माझ्याकडं कुणीतरी दिलेला खास पास होता. मामा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. मी येतो नंबराने." मी दहा मिनिटांत देव उरकून बाहेर आलो. आणि मग आठवलं की, दोघांच्या चपलांचा बिल्ला मामांच्या खिशात आहे. दोन तास मी उन्हात तापलेल्या फरशीवर एकेक पाय उचलत उभा होतो. मामा प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले आणि म्हणाले, "काय मिळालं लवकर जाऊन? नाच?"

तर अशा मला इथल्या आमच्या छोट्याशा महाराष्ट्र मंडळाने चिटणीस केलं. कारण एकच, माझं मराठी शुद्ध आहे असा समज होता, आणि तो मीच पसरवला होता. इथल्या जुन्या घरांतले लोक 'मी परेशान झालो', 'त्याची शादी पक्की झाली' असं बोलतात. मी सभेत उठून मधूनमधून दुरुस्त्या करत असे. ते बिचारे हसत आणि मान डोलवत. मला वाटे, शिकताहेत.

मंडळात मामांकडं एकच काम होतं, गणेशोत्सवातल्या शेवटच्या पंगतीचं. तीस वर्षं ते त्यांच्याकडं होतं आणि त्यात खुद्द गणपतीलाही बोलायची सोय नव्हती. मामा दारात उभे राहत. हातात एक पत्र्याचा डबा, त्यात बाद झालेली पुठ्ठ्याची जुनी तिकिटं, पाठीवर लाल पेन्सिलीने नंबर. येईल त्याच्या हातात तिकीट, आणि तिकिटाचा जो नंबर त्याच पाटावर बसायचं. नवराबायको मागंपुढं आले तर मागंपुढं. त्यामुळं विद्यापीठातले प्राध्यापक, मूर्ती विसर्जनाला नाव देणारे नावाडीदादा, साड्यांचे व्यापारी, सभागृहाच्या झाडूवाल्या बाई असे सगळे मांडीला मांडी लावून बसत. दुसरा नियम त्याहून कडक: पहिल्या पंगतीत जो जेवला तो दुसऱ्या पंगतीला वाढणार. सुटका नाही. माझ्या पहिल्या वर्षी मी कढीचं भांडं घेऊन निघालो आणि चटणीच्या जागी कढी वाढत अर्धी ओळ संपवली. नावाडीदादा शांतपणे म्हणाले, "साहेब, नाव उलटी चालली आहे." मामा दारातून सगळं बघत असत आणि स्वतः सर्वांत शेवटी, दुसरी पंगत उठल्यावर, मामींबरोबर जेवत.

मग शेठ आले. नागपूरकडचे गृहस्थ, घाटाजवळ यात्रेकरूंसाठी मोठं हॉटेल काढलं होतं. माणूस वाईट नव्हता. हसून बोलायचा, मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा, आणि त्याला प्रत्येक ठिकाणी वरचा मजला दिसायचा. यंदाची पंगत माझ्याकडून, असं त्यांनी जाहीर केलं. फक्त वरच्या दालनात काही निवडक पाहुण्यांसाठी टेबलखुर्च्या आणि काचेच्या ताटल्या असाव्यात. का? तर गुडघे. आश्चर्य म्हणजे त्या आठवड्यात मंडळातल्या किती तरी प्रतिष्ठितांचे गुडघे धरले. मामा म्हणाले, "पद वाढलं की गुडघा वाकत नाही, ही जुनी बीमारी आहे." ते ऐकायलाच तयार नव्हते. खाली पंगत, वर पंगत नाही. तीन सभा झाल्या, आवाज चढले. चिटणीस म्हणून मी तटस्थ होतो; म्हणजे निवडक पाहुण्यांच्या यादीत माझं नाव चौथं आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी मामींनी मामांना घरी सुनावलं. "शेठचं सोडा. पण जोशीणबाईंना खरंच खाली बसवत नाही. गेल्या वर्षी दोघींनी धरून उठवली. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली तर तुमची कोणती रेल्वे उलटते?" तिसऱ्या दिवशी मामांनी वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि सभेआधी माझ्याकडं पोचवली. चिठ्ठी अशी होती: 'पंगतीच्या बाबतीत वयाचा विचार करून मी राजीनामा देतो आहे. आता माझा कोणाशी झगडा नाही. शर्ती समोर बसून सांगेन. मंडळाने मंजूर करावा.'

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि माझे डोळे पाणावले. डोळे पाणावल्यावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही. 'शर्ती' या शब्दापाशी जरा अडखळलो, पण म्हटलं, निरोप समारंभात शाल हवी की श्रीफळ, एवढंच सांगायचं असेल. दोन्ही मागवली. सभेत मी घोगऱ्या आवाजात चिठ्ठी वाचून दाखवली आणि जाहीर केलं, "मामांनी राजीनामा दिला आहे." आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. जुने काशीकर अक्षरशः उठून उभे राहिले. "वा गुरू!" "जियो मामा!" एकाने पेढे आणायला माणूस धाडला. मी सुन्न झालो. तीस वर्षं राबलेला माणूस जातोय आणि हे लोक पेढे वाटताहेत! त्या संतापात मी पाऊण तास बोललो: सेवा, निवृत्ती, कृतज्ञता, माणसाची कृतघ्नता. काशीत भाषण ऐकण्याची पद्धत नाही, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. शेठनी मात्र ऐकलं आणि रुमालाने डोळे टिपले. राजीनामा एकमताने मंजूर. वृत्तान्तात मी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पंगतप्रमुखपदाचा राजीनामा सखेद स्वीकारण्यात आला.'

तेवढ्यात मामा आले. खांद्यावर पत्रावळींचा मोठा गठ्ठा. ठठेरी बाजारापर्यंत जाऊन स्वतः निवडून आणल्या होत्या. नाकावर घाम होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी शाल घातली, हातात नारळ दिला. मामा लाजले. खरंच लाजले. मी त्यांना त्याआधी कधी लाजताना पाहिलं नव्हतं. "अरे, इतकं करायची काय जरूरत होती?" ते म्हणाले. "चूक माझीही होती. तर पहिली शर्त अशी, की वर खुर्च्या ठेवा, पण त्यांनाही नंबर—"

"मामा," शेठ प्रेमाने म्हणाले, "आता तुम्ही आराम करायचा. पंगतीचं सगळं माझे मॅनेजर बघतील."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी वृत्तान्ताची वही पुढं केली. त्यांनी चष्मा लावला आणि ती एक ओळ वाचायला इतका वेळ घेतला की, पेढे घेऊन आलेला माणूस दारातच थांबला.

"जावईबापू," ते हळू म्हणाले, "तुमच्याकडं राजीनामा म्हणजे काय?"

"म्हणजे... पद सोडणं."

"त्याला आम्ही इस्तीफा म्हणतो. राजीनामा म्हणजे राजी झाल्याचा नामा. समझौता. मी राजी झालो होतो हो."

मग एकच गलका उडाला. जुने लोक म्हणू लागले, हे रद्द करा, आम्ही तर समझौत्याला टाळ्या वाजवल्या. शेठ म्हणाले, शब्द तर शब्द आहे. मी म्हणालो, "मी खोडून टाकतो, माझीच चूक आहे." मामांनी वही मिटली. "चिठ्ठीवर सही माझी आहे. सभेने मंजूर केलं आहे. उद्या कोणी मोठा माणूस म्हणाला, माझ्या सहीचा अर्थ वेगळा होता, तर त्याला काय सांगणार? नियम माझ्यापासून सुरू होतो." नारळ टेबलावर ठेवला आणि गेले. पत्रावळी मात्र ठेवून गेले. शाल घेऊन गेले की नाही ते मला आठवत नाही. मी खाली बघत होतो.

पंगतीच्या दिवशी मी जिन्याच्या पायथ्याशी छातीवर बिल्ला लावून उभा होतो. वर पांढऱ्या कापडाची टेबलं, काचेच्या ताटल्या, निवडक गुडघे. दारात ना मामा, ना डबा. बरोबर अकराला मामा आणि मामी आले आणि बाहेर रांगेत उभे राहिले, नावाडीदादांच्या मागं. मी धावत गेलो. "मामा, आत चला ना. तुम्ही काय..." मामांनी माझ्या बिल्ल्याकडं पाहिलं. "तुमच्या पुढं कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही." ते म्हणाले, "मग तुम्ही रांगेत नाही. बाजूला व्हा."

त्या दिवशी कुणी तरी थोर पाहुणे काशीत आले होते. त्यांची वाट मोकळी राहावी म्हणून रस्ते बंद केलेले, आणि शेठच्या हॉटेलातले वाढपी, पांढऱ्या हातमोज्यांसकट, अडवलेल्या रस्त्यावर गाडीत अडकलेले. स्वयंपाक तयार, वाढायला कोणी नाही. मॅनेजर फोनवर फोन करत होता. खाली लोक आले त्या क्रमाने आपसूक बसले होते. तीस वर्षांची सवय, तिला तिकीट लागलं नाही. अर्धा तास गेला. मग नावाडीदादा उठले आणि त्यांनी भाताची परात उचलली. प्राध्यापकांनी वरण घेतलं. झाडूवाल्या बाईंनी मीठ-लिंबू सुरू केलं, अगदी बरोबर डाव्या हाताला. दहा मिनिटांत पंगत रंगली. मीही एव्हाना वर जाऊन बसलो होतो; आम्ही रिकाम्या काचेच्या ताटल्यांत आपापले चेहरे बघत होतो. खालून तुपाचा वास जिन्याने वर येत होता. आधी एक गुडघा बरा झाला. मग दुसरा. जोशीणबाईंसाठी एक खुर्ची कुणीतरी केव्हाच खाली नेली होती, पंगतीत, त्यांच्याच नंबरावर. शेवटी मी आणि शेठ दोघेच उरलो. "जाऊ या?" शेठ म्हणाले. आम्ही गेलो. सर्वांत शेवटी बसलो. शेठ बुंदीच्या लाडवाकडं बघत म्हणाले, "लहानपणी असंच बसायचो." दुसऱ्या पंगतीला त्यांनी कढी वाढली. माझ्यापेक्षा बरी वाढली.

जेवण झाल्यावर मामा सभागृहाच्या ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसलो आणि माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं. "तीस वर्षांत मी आज पहिल्यांदा या रांगेत उभा राहिलो. दारात उभा राहणारा रांगेत नसतो हो. शेवटी जेवायचो, तर मला वाटायचं हा माझा त्याग आहे. ही म्हणते, तो माज होता." मामी आतून म्हणाल्या, "होताच." मामा हसले. "सत्ता म्हणजे रांगेत उभं न राहण्याची सोय, हे मी दुनियेला सांगत फिरलो. माझीच खिडकी मला दिसली नाही." आणि मग, "पण खिडकी छान होती."

ते पुन्हा दारात उभे राहिले नाहीत. मंडळाने विनवलं, शेठनी स्वतः घरी जाऊन विनवलं. पुढल्या वर्षी वर टेबलं नव्हती, खाली भिंतीकडेला पाच खुर्च्या होत्या, आणि ज्याचा खरा गुडघा दुखतो तो तिथं बसे. तिकिटांचा डबा मामींनी स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारला. मामा आता पंगतीच्या दिवशी सकाळी दहालाच येऊन रांगेत उभे राहतात, पहिले. पुढं कुणी नसतं, मागंही अजून कुणी नसतं. एकटा माणूस रांग कसा असू शकतो हे त्यांच्याकडं बघितल्याशिवाय कळत नाही. गेल्या खेपेला त्यांनी भिंतीला हात टेकला होता, आणि दुसरा हात उताणा करून पुढं धरला होता.

आता माझी बदली झाली आहे. निघण्याआधी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी उठण्याच्या क्रमात सहावा होतो. चहा बराच गरम मिळाला. मामांनी खिशातून एक पुठ्ठ्याचं तिकीट काढून माझ्या हातात ठेवलं. कुठून कुठपर्यंतचं ते पुसलं होतं. पाठीवर लाल पेन्सिलीने पंगतीच्या त्या दिवशीचा माझा सर्वांत शेवटचा नंबर. मी म्हटलं, "मामा, जाण्याआधी मंडळाच्या चिटणीसपदाचा राजीनामा लिहून देतो म्हणतो."

मामा म्हणाले, "कोणता? तुमच्याकडचा की आमच्याकडचा?"

मामी कप उचलता उचलता म्हणाल्या, "कुठलाही द्या. फक्त वाचून दाखवायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, ज्याला मराठी येतं."